नोट्स बंद

२० जून १९७२, मंगळवार
कॉलेज सुरू झालं. दोन लेक्चर्स. दुपारी मुलुंडला घरी. जेवण शेजारच्या सरूबाईंकडून आलं.
माझी बायको मालन चैत्रात वारली. वर्गात उतरवून द्यायच्या नोट्स मी घरी मोठ्याने वाचायचो, अडखळलो की ती ओट्याशी उभी राहून पुढची ओळ सांगायची. इंग्रजी न शिकता पाठ झालं होतं तिला. म्हणायची, पोरांना कधी बोलू द्याल? आता देणार. पहिल्या वर्षासाठी नवा इंग्रजी कोर्स. विद्यार्थी स्वतः वाचतील, मुद्दे काढतील, निबंध लिहितील. प्रिन्सिपॉलांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. जमलं नाही तर पुन्हा नोट्स. जमणारच.

२१ जून, सकाळ
कोर्सचं मुख्य तत्त्व सुचलं. जो दुसऱ्यावर अवलंबून राहतो तो शिकत नाही. तेवढ्यात सरूबाईंचा चहा आला. आलं छान घालतात.

३ जुलै
वर्गात जाहीर केलं, नोट्स बंद. विक्रोळीहून येणाऱ्या धाकूने विचारलं, सर, मग तुम्ही काय करणार? वर्ग हसला. वातावरण मोकळं होतंय.

१७ जुलै
परिच्छेद देऊन मुद्दे काढायला सांगितले. सगळ्यांचे शब्दशः सारखे. चौकशी केली. सहदेवने काढले, बाकीच्यांनी उतरवले. म्हणजे माझ्याशिवाय काम सुरू झालं.

९ ऑगस्ट
हजेरी निम्मी. बाकीचे नाक्यावरच्या खाजगी क्लासला जातात, तिथे नोट्स मिळतात. वाईट वाटलं. मग लक्षात आलं, क्लास त्यांनी स्वतः शोधला. कोणी सांगितलं नव्हतं.

६ सप्टेंबर
सरूबाई गणपतीला मालवणला निघाल्या. परत येणार दिवाळीनंतर. मला स्टोव्ह शिकवून जायचं म्हणाल्या. मी वही-पेन घेऊन बसलो. म्हटलं, सावकाश सांगा, क्रमाने. त्या म्हणाल्या, ''मास्तरांनू, लिवन कित्याक घेतास? पंप मारा मगे!'' आणि एसटी चुकेल म्हणून पळाल्या.
बाई मनाने चांगल्या, पण शिकवण्याची पद्धत नाही. निदान नोट्स तरी द्यायच्या.

७ सप्टेंबर
स्टोव्ह भडकला. भिंत थोडी काळी. चहा स्टेशनजवळच्या उडप्याकडे. आल्याचा पत्ता नाही. पण चालणं झालं.

२९ सप्टेंबर
उडप्याचा पोऱ्या मला बघितलं की न विचारता चहा ठेवतो. घरची व्यवस्था लागली म्हणायची. स्टोव्ह सुट्टीत बघू.

१६ ऑक्टोबर
फार आनंदाचा दिवस. वर्गाने आपणहून सभा घेतली. सगळे हजर. सहदेव अध्यक्ष. उभा राहून स्वच्छ इंग्रजीत बोलला. आधी विषय, मग कारणं, मग निष्कर्ष. कागद हातात नाही. कोर्समध्ये मी हेच मागितलं होतं. धाकूने अनुमोदन दिलं, तेही इंग्रजीत. जूनमध्ये हा पोरगा हजेरीलासुद्धा मराठीत ओ द्यायचा. मालन असती तर घरी जाऊन तिला पहिलं हेच सांगितलं असतं.
निष्कर्ष असा की सरांनी नोट्स द्याव्यात. एकमताने.
विचारलं, हे तुमच्या डोक्यात कोणी घातलं? म्हणाले, कोणी नाही सर, आमचं आम्ही ठरवलं.

१८ ऑक्टोबर
प्रिन्सिपॉलांना सांगितलं, कोर्स बंद. ते म्हणाले, अहो, दिवाळी लांब आहे अजून. म्हटलं, वर्गाचा निर्णय झाला आहे, आता मला मोडता येणार नाही.
संध्याकाळी जुन्या नोट्स काढल्या. वाळवीने कोपरे खाल्लेले. मोठ्याने वाचायला बसलो. एका ठिकाणी शब्द गेलेला. थांबलो. ओट्याकडून काही ऐकू आलं नाही.
उठून आत गेलो. स्टोव्हला पिन केली, पंप मारला. भडकला. बंद केला. पुन्हा मारला. पेटला. आलं ठेचून घातलं. पाण्याचा अंदाज मालनच्या वेळचा, चहा दोन कप झाला.
दोन्ही प्यायलो. कप विसळून पालथे घातले.