नरसिंहाच्या कानाचा टवका

१४ जानेवारी, गावी
संक्रांत. चारच दिवस सुट्टी. सकाळी आण्णांनी ट्रंक उघडली. आतलं नरसिंहाचं सोंग मागच्या बाजूनं उंदरांनी कुरतडलंय. आण्णांना आता नीट दिसत नाही, हात फिरवूनच कळलं त्यांना. बराच वेळ हात तिथंच ठेवून बसले.

चैत्र पुनवेला जत्रेत बारा सोंगं निघतात. ज्या घराचा मान त्यानंच ते तोंडाला बांधून नाचायचं. आमच्या घराकडं नरसिंह, सगळ्यात शेवटी, दिवस उगवताना. आण्णांचा गुडघा गेला, म्हणजे यंदा मी. मुखवटा कागदाचा. आण्णांनीच केलेला, माझ्या जन्माच्या आधी.

जत्रा कमिटीचे भाऊसाहेब तिळगूळ द्यायला आले. ट्रंक बघून म्हणले, "तुमचं पोरगं हैदराबादला फायबरच्याच कारखान्यात हाय ना? मग काढून दे की बाबा फायबरमधी. उंदीर न्हाई, पाऊस न्हाई."
मी लगेच हो म्हणलं. शंभर वर्षं हलणार नाही म्हणलं. फुशारकीच ती.
आण्णा एवढंच म्हणले, "तुला त्यातलं कळतं."

गुंडाळताना कानाचा टवका पडला, पेराएवढा. आईनं उचलून देव्हाऱ्यात ठेवला. मी हसलो. कचरा कशाला जपती?
"ऱ्हाऊ दी. तुझं काय जातंय?"

१७ जानेवारी
हैदराबादला पोचलो. आण्णांनी बजावलेलं, "वर फळीवर टाकू नगं, मांडीवर घे." पाथर्डीपासून मांडीवर. धोतरात गुंडाळलेलं. शेजारचा म्हातारा हळू आवाजात म्हणला, बाळ लई शांत हाय तुमचं. मी पण हळूच हो म्हणलं.
खोलीभर मेथीचा वास. लगद्यात मेथीचं पीठ घालतात, चिंचोक्याची खळ घालतात, एवढंच मला माहीत. बाकी कधी विचारलं नाही. सातवीत शाळा सुटली, मग श्रीगोंद्याकडं ऊस, मग इकडं. सोंग म्हणजे जत्रेच्या दिवशी ट्रंकेतून निघतं, एवढीच अक्कल.

२ फेब्रुवारी
बागेसाठी डायनासोर चाललेत. त्यानंतर कचराकुंडीचे पेंग्विन, चाळीस. रविवारी पण काम. आण्णांचा रोज फोन. "घेतलं का करायला?"
यादगिरी इथला सगळ्यात जुना साचेवाला. त्यानं सोंग हातात घेऊन उलटसुलट बघितलं. म्हणला, "कागज है. पहले लाख मार, चार-पाच हात. हर हात सूखने दे. जल्दी मत कर."
लाखेचे चार-पाच हात म्हणजे आठवडा.

९ फेब्रुवारी, रविवार
लिहू का नको.
सेठ नव्हता, शेड मोकळं. म्हणलं आजच उरकू. लाखेचा एकच हात मारला. तोसुद्धा पुरता वाळला नव्हता. वरून मेणाचं पॉलिश, मातीच्या मूर्तीला मारतो तसं. मग रेझिन, काचेच्या धाग्याची मॅट, परत रेझिन, की वरून साचा तयार.
दुपारी साचा सोडवायला घेतला. सुटेना. पाचर घातली. आवाज आला. लाकडाचा येतो तसा नाही, कापड फाटावं तसा.
कागदानं रेझिन पिलं होतं. तोंड साच्याला धरून बसलं, पाठ माझ्या हातात आली.

१० फेब्रुवारी
साचा तरी वाचवावा म्हणून पाणी भरून ठेवलेलं. आतला कागद सुटला, वरचा थर घासून काढला. बादलीभर लगदा झाला. मेथीचा वास एकदम ताजा, जसं कालच मळलंय. कुणी यायच्या आत गटारीत ओतलं. वरून दोन बादल्या पाणी.
यादगिरीला कळलं. चहा आणून दिला.

२३ फेब्रुवारी
फायबरचं निघालं. सेम. कपाळावरची चीर, डाव्या गालावर आण्णांचा अंगठा दबलाय तो खड्डा, सगळं आलं. रंग मारला. हलकं, वाजवलं की टणटण वाजतं. चांगलं झालंय. हेच वाईट वाटतंय, चांगलं झालंय.
आण्णांचा फोन. "जुनं नीट हाय ना?"
"हाय. पेटीत ठिवलंय."

११ एप्रिल, गावी
आण्णांनी मांडीवर घेतलं. बोटं कपाळावरून आली, चिरेवर थांबली. "चीर बी आणलीस व्हय रं." हसले. गालावर अंगठा ठेवला, बरोबर त्या खड्ड्यात बसला. मग नाकाजवळ नेलं.
"वास न्हाई."
मी म्हणलं रंगाचा वास उडायला वेळ लागतो. ते म्हणले, "व्हय, आसंल."
"जुनं आणलंस का?"
गर्दी होती गाडीला, म्हणलं. पुढच्या खेपेला आणतो.

१२ एप्रिल, पुनव
नाचलो. तांबडं फुटलं तेव्हा संबळाचा ठेका माझ्यावर आला. आत घामानं तोंड सरकत होतं. कागद घाम पितो, हे पीत नाही. माझाच श्वास माझ्या तोंडावर. पण पोरं मोबाईल घेऊन नुसती तुटून पडली. "लई भारी! पिच्चरमधला वाटतोय!" बायकांनी पाय धुतले माझे. आण्णा पारावर बसलेले, मान माझ्याकडं. दिसत नव्हतंच त्यांना. संबळावर माझे पाय ऐकत होते.
नंतर म्हणले, "तिसऱ्या फेऱ्याला चुकलास. बाकी झ्याक."
असं कधी म्हणत नाहीत.

१४ एप्रिल
आज बोलता बोलता कळलं. कळलं नसतं तर बरं.
आण्णा म्हणले, "फायबरचं जत्रेला नाचव. चांगलं हाय. पाऊस आला तर काय भ्या न्हाई. पर माझं डोळं पुरतं जायच्या आत कागदाचं बी एकदा मळायला शीक. जुनं घिऊन ये, उन्हाळ्यात करू."
जुनं कशाला लागतं?
"तेच तर लागतंय. जुनं भिजवायचं, उखळात कांडायचं, नव्यात कालवायचं. माझ्या सोंगात माझ्या बापाचं हाय. त्याच्यात त्याच्या बापाचं. टाकून काहीच द्यायचं नसतं. फुटलं तरी काय बिघडत न्हाई त्याचं. फुटायचंच आसतं ते."

बादलीभर होतं माझ्याकडं. भिजलेलं. तयार.
जेवलो नाही. आई म्हणली, ऊन बाधलं.

१५ एप्रिल
कमिटीनं सकाळी देवळासमोर बोलावलं. बाकीची अकरा सोंगं कांद्याच्या गोण्यांत भरून ठेवलेली. सगळी फायबरमध्ये काढायची. भाऊसाहेब म्हणले, "घिऊनच जा आता. पुढच्या वर्षी बाराच्या बारा नवी."
रावणवाले तात्या गोणीवर हात ठेवून बसलेले, सोडेनात. "नेताना फुटली बिटली तर?"
आण्णा म्हणले, "द्या वं तात्या. माझं न्हेलंच की त्यानं. काय झालं का त्याला?"

मग राहवलं नाही.
"आण्णा, आपलं ऱ्हायलं न्हाई."
"म्हंजी?"
"साच्यात फाटलं. चूक माझी. गटारीत टाकलं मी."
कुणीतरी हसलं, चेष्टा वाटली असंल.
आण्णांनी एवढंच विचारलं, "समदं?"
"समदं."
"कवा?"
"फेब्रुवारीत."
मनात मोजलं असंल. तेव्हापासून रोज फोनवर विचारत होते, आणि मी रोज हाय म्हणत होतो.
काठी चाचपडत उठले. भाऊसाहेबांनी हात दिला, तो बाजूला केला. एकटेच गेले घराकडं, भिंतीला हात लावत. मी मागं गेलो नाही. हिंमतच झाली नाही.
ज्यानं त्यानं आपापलं सोंग गोणीतून काढलं. तात्यांनी रावणावर फुंकर मारली, उपरण्यात गुंडाळला. माझ्याकडं बघितलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१६ एप्रिल
निघालो. आण्णा भिंतीकडं तोंड करून पडलेले. पाया पडलो, पाय ओढून घेतले नाहीत. हललेही नाहीत.
जीपपर्यंत आई. भाकरी दिली. फायबरचं सोंग खुंटीला टांगलंय, आहे तसं. उंदीर त्याला तोंड लावणार नाही.

२७ एप्रिल
पेंग्विन संपले, आता हरणं. आण्णांचा फोन नाही. अकरा दिवस.
यादगिरीला कागदाचं सांगितलं, कांडून कालवतात ते. तो साच्याकडं बघत बसला. म्हणला, "तुम्हारा मोल्ड तो वो खुद था."
साचा शेडच्या मागं पडलाय. टाकवत नाही. त्यातून पाहिजे तितकी तोंडं निघतील.

४ मे
आईचा फोन, दुपारी. इकडचं तिकडचं. पाणी, शेळी, मावशीचा दात. मग म्हणली, "काल म्या तेनला त्यो टवका दिला."
मला आधी कळेना.
"कानाचा रं. देव्हाऱ्यातला. तू हसला व्हतास बघ."
मागं ग्रायंडर चालू, बाहेर पळालो.
"मग?"
"मग काय. आज सकाळी मला म्हणलं, रद्दी हाय का घरात. घमेलंभर कागद भिजवलाय. मेथी दळून आणाया लावली."
"आन् टवका? घातला त्यात?"
"न्हाई. हातात धरून बसलंत सकाळधरनं. भाकर खाताना बी डाव्या हातात."
एवढ्याशानं होतं का? एक पेर. घमेलंभर कागदात. विचारलं मी आईला.
"मला काय म्हाईत? तूच इचार. थांब, देती."
फोन त्यांच्या कानाला लागला ते कळलं. श्वास ऐकू आला. लांबून गिरणीचा आवाज.
मी म्हणलं, "आण्णा."
त्यांनी ठेवला नाही फोन. बोललेही नाहीत. मीही काही बोललो नाही. सात मिनिटं झाली, मग माझी बॅटरी गेली.

सेठकडं सुट्टी मागितली आहे. बघतो म्हणला. मी पोचेपर्यंत, चार दिवसांच्या वर, कागद भिजत ठेवता येतो का, कुणाला विचारू.