घुम्याचं सलून

दादा,

सलून माझ्यावर टाकून जाताना तू म्हणालास, "घुम्या, तोंड उघडलंस तरच गिऱ्हाईक टिकेल." आठ वर्षं मी तुझेच विनोद सांगितले. लोक कसनुसं हसायचे आणि पुढच्या महिन्यात समोरच्या सलूनमध्ये दिसायचे.

मागच्या वर्षी एकदा फारच थकलो होतो. "किती बारीक करू?" एवढंच विचारलं आणि मुकाट्याने कात्री चालवत राहिलो. खुर्चीतल्या मास्तरांना झोप लागली. उठल्यावर म्हणाले, "सकाळपासून तुम्हीच एकटे, ज्यांनी माझं डोकं खाल्लं नाही." पुढच्या खेपेला ते भावाला घेऊन आले. आता बाकावर चार-चार जण शांत बसून असतात.

बरं चाललंय. पाय दुखतात, आणि आठ वर्षं तुझ्या आवाजात गेली याची चुटपुट लागते.

तू परत यायचं म्हणतोस. ये, दुसरी खुर्ची मी रोज पुसतो. पण इथे गप्प राहावं लागेल, हे तुला सांगायचा धीर होत नाही, म्हणून हे पत्र वस्तऱ्यांच्या खणातच राहील.

पाटी मात्र काल नव्याने रंगवून घेतली. तुझं नाव काढलं आणि तू मला ठेवलेलं लिहिलं.

तुझा,
घुम्या