एक दशांश व्होल्ट

२ एप्रिल १९८४, सोमवार
आजपासून नियमित रोजनिशी. शास्त्रज्ञांच्या रोजनिशा पुढे कामाला येतात.
गोपाळराव सर, म्हणजे माझे गाइड, आज स्पष्टच बोलले. मे संपायच्या आत रिझल्ट दाखवला तर पर्मनंट पोस्टसाठी माझं नाव पाठवतील. नाही तर जुलैत माझ्या स्टुलावर दुसरा कोणी. मी घाबरलो नाही. फक्त घसा कोरडा पडला, पण नागपुरात एप्रिलमध्ये तो सगळ्यांचाच पडतो.
काम सोपं आहे. फुटाळा तलावात कारा नावाचं शेवाळ मिळतं. त्याची एकेक पेशी बोटाएवढी लांब. पेशीच्या कातडीत पोटॅशियमसाठी बारीक बारीक दारं असतात, आणि व्होल्टेज दिलं की ती उघडतात. कशी उघडतात ते मोजायचं. पेशीत काचेची सुई खुपसायची, सुई यंत्राला जोडायची, बटण दाबायचं. यंत्राचं पेन कागदावर रेघ काढतं. बास.
बटण मात्र मलाच दाबायचं आहे.

५ एप्रिल, गुरुवार
बटण दाबल्यावर पेशीला मिळतं एक दशांश व्होल्ट. टॉर्चच्या सेलमध्ये याच्या पंधरापट असतं. हे मला माहीत आहे. एम.एस्सी.ला फर्स्ट क्लास होता.
तरी सावधगिरी म्हणून घरून जेवायचा पाट नेला. पाटावर उभं राहायचं, पायात रबरी चपला, डावा हात खिशात, कारण हृदय त्या बाजूला. डोळे मिटायचे आणि एकदम दाबून मोकळं व्हायचं. पाट आणि टेबल यांच्यात जागा कमी आहे, त्यामुळे पोट टेबलाला टेकतं. त्याला इलाज नाही.
ओमप्रकाश, आमचा लॅब अटेंडंट, पाट पाहून विचारत होता की पूजा कितने बजे है. दुर्लक्ष केलं.
घरचा कूलर सुरू करायचं काम माझ्या बायकोकडे, चारुलताकडे आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या पत्र्यानं मला करंट मारला, तेव्हापासून आम्ही कामं वाटून घेतली आहेत.

१२ एप्रिल, गुरुवार
लागला. रिझल्ट लागला!
पुस्तकांत लिहिलंय की पोटॅशियमची दारं सावकाश उघडतात, रेघ घाटासारखी हळूहळू चढते. माझी रेघ बटण दाबताच ताडकन उभी. कागदाच्या वरच्या टोकाला जाऊन पेन बराच वेळ थरथरत होतं. हे कुठल्याच पुस्तकात नाही. परत केलं, परत तेच. सरांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा पुसला आणि आणखी कर म्हणाले. आनंद लपवत असावेत.

१८ एप्रिल, बुधवार
नाव ठरलं. गिरिधर इफेक्ट. आडनाव घातलं तर लांबलचक होतं.
चारुलताला सांगितलं, कुठे बोलू नको म्हणून बजावलं. तिनं फक्त अमरावतीला माहेरी कळवलं. सासऱ्यांनी पेढे वाटले म्हणे.

२४ एप्रिल, मंगळवार
आज खबरदारी म्हणून उकळलेली पेशी लावून पाहिली. मेलेल्या पेशीची दारं उघडणार नाहीत, रेघ सपाट राहील, तेवढा पुरावा फाइलला लावायचा होता.
बटण दाबलं. रेघ ताडकन उभी.
मग लक्षात आलं की शोध मला वाटला त्याहून मोठा आहे. मेल्यानंतरही दारं उघडतात. हा कागद सध्या फाइलला लावत नाही. लोकांना एकदम झेपणार नाही.
जेवण गेलं नाही. उन्हामुळे.

६ मे, रविवार
उद्या सर स्वतः बघायला येणार. डिपार्टमेंटच्या हेडना घेऊन.
पहिल्या घासालाच हात थांबला, तेव्हा चारुलता म्हणाली, "काहून घाबरून राहिले तुम्ही? खरं आहे ना तुमचं?"
मी मोठ्यानं हो म्हटलं. जरा जास्तच मोठ्यानं.
इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचणार नाही. भीती वाटते. ती उकळलेली पेशी डोळ्यांसमोरून हलत नाही.

७ मे, सोमवार
बाहेर रस्त्यावर डांबर वितळत होतं. लॅबमध्ये माझे हात गार.
पाटावर चढलो, डोळे मिटले, दाबलं. रेघ उभी. हेड वा म्हणाले. मला वाटलं, झालं आपलं काम.
सर पाटाकडे बघत होते. मग माझ्याकडे. म्हणाले, आता मी दाबतो. सरांनी बसल्या बसल्या एका बोटानं बटण दाबलं, दाराची बेल दाबावी तसं. रेघ सावकाश, घाटासारखी चढली. अगदी पुस्तकातल्यासारखी.
मग सरांनी बटणाकडून पेशीला जाणारी वायरच काढली, पेन तसंच चालू ठेवलं आणि मला म्हणाले, दाब आता. वायर नाही, व्होल्टेज नाही, काही नाही. मी डोळे मिटून दाबलं. पोट टेबलाला धडकलं ते मलाही कळलं. सुई हलली. रेघ उभी, आणि वर जाऊन थरथर.
सर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.
"पोटॅशियम नाही हे, गिरिधर. तू दचकून राहिला गा."
हेडनी खिडकीबाहेर पाहिलं. अख्ख्या महिन्याचे कागद, आणि त्यांवर नुसता मी.
तरी सर म्हणाले, तुझी पेशी चांगली आहे, सुई चांगली बसते. अशा सावकाश चढणाऱ्या रेघा महिनाअखेरपर्यंत स्वतःच्या हातानं काढून आण, पाटाशिवाय, नाव पाठवतो.

१३ मे, रविवार
आठवडाभर लॅबमध्ये पाट नाही. रेघा उभ्याच. पण कारण सापडलं: घरापासून सुरुवात करायला हवी होती. आज स्वतः कूलर लावायचा असं ठरवलं. एकदा कूलर जमला की एक दशांश व्होल्ट म्हणजे काय.
दुपारी हात पुसले. चपला घातल्या नाहीत. डोळेही उघडे ठेवले, निदान सुरुवातीला. बटण दाबलं.
कोपरापर्यंत सणक गेली. मागे फेकला गेलो, तो थेट पलंगावर. चारुलता बादली घेऊन धावत आली.
तिनं कूलरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच म्हणाली की पाणी भरायचं म्हणून तिनं प्लग मघाशीच काढून ठेवला होता.
हात अजून दुखतो आहे.