मेदूवड्याचं समीकरण

आल्मेरे,
रविवार

प्रिय दत्ता,

पत्र तुझी लेक वृंदाच वाचून दाखवणार, म्हणजे तुला मनसोक्त शिव्या देता येत नाहीत, ही पहिली तक्रार. डोळे गेल्यापासून फोनवर ‘बरं आहे’च्या पुढे सरकत नाहीस, हे काय खूळ काढलंयस? कान शाबूत आहेत ना?

इथलं सांगतो. निहार सकाळच्या ट्रेननं अ‍ॅमस्टरडॅमला, सूनबाई मीनल युट्रेख्टला, गुंजन शाळेत. घर मोठं, ऊबदार, आणि दिवसभर त्यात मी एकटा. शेजारचे आजोबा सायकलवरून हात करतात, मी हात करतो, संपला संवाद. नातीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्ये येतं. पोर गोड आहे रे, तिच्याशी गप्पा मात्र मारता येत नाहीत. फार एकटं वाटतं. लीला गेली तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं, कारण संध्याकाळी तू यायचास.

आता निहार म्हणतो, सांगलीचा फ्लॅट विकू, बाबा, तुम्ही कायमचे इथेच राहा. हे असले गुडघे घेऊन तिकडे एकटे कसे राहणार? त्याचं चुकत नाही. गिऱ्हाईक ठरलंय, कागदपत्रांचंही तोच बघणार आहे. माझा होकार तेवढा अडलाय.

वेळ जावा म्हणून त्याच्या जुन्या लॅपटॉपवर ग्नूप्लॉट नावाचं आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर घेतलंय. अगदी फुकट मिळतं. आपण जन्मभर गणित शिकवताना फळ्यावर जे पृष्ठभाग खडूनं वेडेवाकडे काढले, ते हे चुटकीसरशी काढतं. एक्स, वाय, झेड तिन्ही यू आणि व्हीमध्ये लिहायचे, यू-व्ही कुठून कुठवर ते सांगायचं, की आकृती हजर. माऊसनं धरून हवी तशी फिरव.

पहिला मान अर्थातच तुझ्या वर्गातल्या मेदूवड्याला. मोठ्या ऐटीत मर्यादा दिली शून्य ते तीनशे साठ. पडद्यावर वडा कुठला, मांजरानं विस्कटलेला लोकरीचा गुंडा! दुपारभर सूत्र तपासलं. सूत्र चोख. आणि एकदम तुझा आवाज ऐकू आला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा: ‘रेडियन, लेको, रेडियन!’ एवढा जुना मास्तर, आणि अंश देऊन बसलो होतो. शून्य ते टू पाय केलं, तर असा गरगरीत वडा उभा राहिला की मी टाळी वाजवली. रिकाम्या घरात टाळीचा आवाज फार वाईट येतो.

संध्याकाळी निहारला दाखवला. ‘मस्त, बाबा’ म्हणाला. त्याचा कॉल चालू होता. गुंजन ‘मोई’ म्हणाली, म्हणजे छान, आणि खेळायला पळाली. वडा कळणारा माणूस मिरजेत, आणि त्याला दिसत नाही.

मग इथल्या वाचनालयात गेलो. तिथे थ्रीडी प्रिंटर आहे. तिथल्या पोरीनं माझ्या सूत्रावरून प्लास्टिकचा वडा काढून दिला, तो सोबतच्या डबीत आहे. वर्गात तू खरा आणायचास, बोटानं दोन वाटा दाखवायचास, एक भोकाभोवतीची, एक भोकातून आरपार, आणि तास संपायच्या आत खाऊन टाकायचास. हा खायचा नाही. नुसतं बोट फिरव. यू कुठला आणि व्ही कुठला, हे तुला मी काय सांगणार!

वृंदा, इथे थांब. पुढचं आधी मनातल्या मनात वाच. तुमची बाहेरची खोली, जिथे दत्ता शिकवण्या घ्यायचा, तिथे मी राहायला येऊ का? त्याला विचारलं तर तो लगेच हो म्हणेल, पण घर तू चालवतेस. एका म्हाताऱ्याचं करतेच आहेस, दुसरा गळ्यात पडतोय. माझा चहा मी करीन, कपडे मी धुईन. त्याला रोज पेपर वाचून दाखवीन, आकृत्या हातात देईन, भांडेन. चालणार असेल तर एवढं मोठ्यानं वाच आणि मला कळव, म्हणजे मी निहारला नाही म्हणतो. नको असेल तर सोडून दे आणि सरळ सहीवर ये. मला राग येणार नाही, आणि त्याला कळणारही नाही. फक्त वाचताना अडखळू नकोस, पोरी. त्याचे कान शाबूत आहेत.

तुझाच,
हरिहर