चोरखिशातली कात्री

मी, खाली सही करणारा, वय एकसष्ट, धंदा शिंपीकाम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हाताने, कारण घसा आतून भाजला आहे आणि बोलणं होत नाही. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. भीती आहे, पण भीती म्हणजे दडपण नव्हे, असं वकीलबाईंनी सांगितलं.

आजार: जिभेच्या मुळाशी गाठ, मानेपर्यंत पसरलेली. उपचार: आठवड्यातून पाच दिवस रेडिएशन आणि दर सोमवारी केमोची बाटली. दोन्ही एकत्र, म्हणजे गाठीला दम खायला फुरसत नको, असं डॉक्टर म्हणाले. पस्तीसपैकी वीस रेडिएशन झाली. दर वेळी तोंडावर जाळीचा मुखवटा चढवून तो टेबलाला पक्का करतात. मी डोळे मिटून मनातल्या मनात काजं करतो. तरी घाम फुटतो.

कलम १. राहतं घर आणि पुढचं दुकान पत्नीला. तिने कोणाच्या गोड बोलण्याला भुलून ते विकू नये.

कलम २. शिवणयंत्र मुलीला. जावयाने त्याला हात लावू नये. त्याने लावलेलं बटण दुसऱ्या दिवशी ताटात सापडतं.

कलम ३. धाकट्या भावाला काहीही नाही. तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही देऊ नये म्हणतात. बरंच झालं. अकरा वर्षांपूर्वी माझ्याच गिऱ्हाइकासमोर त्याने मी शिवलेली कॉलर वाकडी म्हटली होती. कॉलर सरळ होती, गिऱ्हाइकाची मान वाकडी होती. रोज मला दवाखान्यात तोच नेतो, हेही लिहून ठेवतो.

कलम ४. मोठी कात्री मुलीलाच. ती दुकानात शोधू नये. माझ्या राखाडी कोटाच्या अस्तरात चोरखिसा आहे, त्यात ती आहे. सोबत कापडावर ठेवायची दोन लोखंडी वजनं. तिथे का, हे लिहिणं भाग आहे.

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल, नाहीतर उपचारात खंड पडेल. खंड म्हणजे गाठीला दम खायला फुरसत. मला तर पाणीही गिळवत नव्हतं. मग मी मला येतं ते केलं, खिसा शिवला. काट्यावर चढताना नर्सबाई म्हणायच्या, "काका, राहू द्या कोट, थंडी आहे." असे तीन किलो लपले. केसपेपरवर बावन्न लिहिलं आहे. पुढे मुखवटा सैल झाला तेव्हा रेडिएशनच्या मशीनवरची मुलगी चक्रावली. "वजन तर तेवढंच आहे, मग हा ढिला कसा?" माप चुकलेलं शिंप्याला कळतं. मी कोट चढवून निघालो.

गेल्या सोमवारी चौथी बाटली लावताना नर्सबाई सहज बोलल्या की औषध वजनावरून ठरवतात. म्हणजे लोखंडाच्या वाटणीचं औषधही माझ्याच अंगात गेलं. त्या दिवसापासून कानात शिवणयंत्र चालल्यासारखी घरघर आहे. सांगावं तर खंड, न सांगावं तर पाचवी बाटली. इकडे आड, तिकडे विहीर. मला मरणाची भीती वाटते. माझ्या हातच्या शिवणीने मरण्याची जास्त वाटते.

कलम ५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हे उद्या सोमवारी, बाटली लावण्याआधी, डॉक्टरांना वाचून दाखवावं. धाकट्याने वाचावं.

ठिकाण: दुकानातलं कापायचं टेबल.
दिनांक: रविवार, एकविसाव्या रेडिएशनच्या आदल्या दिवशी.

साक्षीदार पहिला: धाकटा भाऊ. त्याने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "सही करतो, दादा. आधी कोट काढ."
साक्षीदार दुसरे: शेजारचे रद्दीवाले. काटा त्यांचा.

दोघांसमोर केलेलं वजन, कोटाशिवाय: एकोणपन्नास किलो.
खरं आहे. सही.