मुलगी रोज गोळ्या घेते

अप्पा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण आज तुमच्याशी बोलावंसं वाटलं. होळी गावातल्या आपल्या वाडीतल्या मोगऱ्याच्या सगळ्या कळ्या, अगदी कोवळ्यासुद्धा, मी एका सकाळी खुडल्या आणि पापडी गावच्या बाजारात येणाऱ्याजाणाऱ्याला वाटून टाकल्या. त्याआधी कित्येक रात्री डोळ्याला डोळा नव्हता, तरी थकवा म्हणून नाही. सगळं जग मुठीत आल्यासारखं वाटायचं. मग असं अंथरूण धरलं की वेणी घालायलाही हात उचलेना. आई नव्हतीच, आत्या म्हणाली, "बाहेरचं आहे, अंगारा आणा." तुम्ही मला डॉक्टरांकडे नेलंत. ते म्हणाले, "याला बायपोलर म्हणतात. मनाला कधी उधाण, कधी ओहोटी. गोळ्या चालू ठेवायच्या, रक्त तपासायचं, झोप सांभाळायची." तुम्ही एवढंच विचारलंत, "हिला शाळेत शिकवता येईल ना?" "का नाही येणार?" ते म्हणाले, आणि तुम्ही डोळे पुसलेत.

मी शिकवायला लागले आणि आचोळ्याचं स्थळ आलं. आजाराचं बोलायचं नाही, असं आत्याने बजावलेलं. मी चहा घेऊन बाहेर येते आहे आणि तुम्ही पाहुण्यांना सांगता आहात, "मुलगी रोज गोळ्या घेते. मनाचा आजार आहे. आज बरी आहे, पुढेही सांभाळावं लागेल. लपवून मुलगी द्यायची नाही मला." पाहुणे चहा न घेताच उठले. पुढच्या रविवारी मुलगा एकटा आला. "बिघडायला लागलं की कसं ओळखायचं, ते सांगा," म्हणाला. तुम्ही त्याला केळींतून फिरवत सांगितलंत, "आधी झोप उडते, मग बोलणं वाढतं. तेव्हा भांडू नका, डॉक्टरांकडे न्या. पण ती हसली की लगेच आजार म्हणू नका."

लग्नाला इतकी वर्षं झाली, ते ह्यांनी अजून पाळलंय. मध्ये एकदा आजार उलटला, शाळेतून लांब रजा घ्यावी लागली. पण परत वर्गात उभी राहिले. आता झोप बिघडली की मीच आधी डॉक्टरांना फोन करते. सुट्टीत आम्ही तिघं समुद्रावर जातो, खूप हसतो.

काल तुमच्या नातीने विचारलं, "आई, तू रोज कसली गोळी घेतेस गं?" मी म्हटलं, ताकदीची. आज ती शाळेतून आली की खरं सांगणार आहे. तिला आता समजेल. हे पत्र धाडायला पत्ता नाही, तरी लिहीत बसलेय. खरं म्हणजे, अप्पा, तिला सांगायला सुरुवात कशी करायची तेच सुचत नाहीये.