मला आला की प्रश्न बाद

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

सकाळी नगर निगमच्या झोन ऑफिसात गेलो. विनीताच्या मृत्यूच्या दाखल्यावर तिच्या वडिलांचं नाव चुकलंय. पुन्हा अर्ज. दुपारी खिचडी. जरा झोपलो.

चारला तिच्या नर्सिंग कॉलेजचे सुधाकर सर आले. पाणी प्यायले. मग मुद्द्यावर — ‘भाईसाहब, मैडम का वो प्रश्नों वाला रजिस्टर... मार्च में परीक्षा है, लड़कियाँ पूछ रही हैं.’ तिच्या प्रश्नांच्या पुस्तकाची नवीन आवृत्ती काढणार आहेत. मी विचारलं, नाव कोणाचं? म्हणाले, ‘मैडम का रहेगा ना! अंदर के पन्ने पर. श्रद्धांजलि में.’

बाहेर कोणाचं, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बघतो म्हटलं.

शनिवार, ४ जानेवारी

रजिस्टर काढलं. लाल पुठ्ठ्याचं, सियागंजच्या बाजारातून सहा-सहा एकदम आणायची. प्रश्नांचं हे चौथं.

पद्धत तिचीच. संध्याकाळच्या चहानंतर ती प्रश्न वाचणार, चार पर्याय वाचणार, उत्तर मी द्यायचं. माझं बरोबर आलं की प्रश्नावर आडवी रेघ! ‘अहो, तुम्हाला आला म्हणजे कोणालाही येईल. बाद.’ चुकलं की समासात तारीख, पुढे ‘श्री’ आणि मी सांगितलेलं अक्षर. तो प्रश्न पास.

बावीस वर्षं! वीज कंपनीच्या लॅबमध्ये मी मीटर तपासायचो, घरी मीच मीटर. पाहुण्यांसमोरसुद्धा सांगायची — ‘श्रीपाद चुकला की माझा प्रश्न चांगला.’ सगळे हसायचे. मीही हसायचो. काय करणार!

उत्तरांची यादी ती शेवटी एकदम करायची. या रजिस्टरातल्या सत्तेचाळीस प्रश्नांची राहिलीय. मागच्या फेब्रुवारीत दुखणं कळलं, त्यानंतर तिनं पेनाला हात लावला नाही. सुधाकर सर म्हणाले, ‘आंसर मैं बनवा लूँगा किसी से.’ किसी से!

सोमवार, ६ जानेवारी

प्रेमलताताईंचा फोन. विनीताची थोरली बहीण. तब्येत विचारली, दूध कोण आणून देतं विचारलं, मग तेच. ‘श्रीपादराव, मला एकच कळत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना शरीर शिकवलं, आणि स्वतःच्या पोटात काय चाललंय ते कळू नये?’

तेराव्यालाही हेच म्हणाल्या. पंगतीत, सगळ्या बायकांसमोर. बायका माना डोलवत होत्या. मी पाण्याचा जग घेऊन उभा.

डॉक्टरसुद्धा तेच म्हणाला होता. सोनोग्राफीचा कागद धरून — ‘मैडम, आप तो पढ़ाती हैं! इतनी देर कैसे कर दी?’ अंडाशयाचा कॅन्सर, तिसरी स्टेज. विनीता नुसती हसली. मला वाटलं होतं, रडेल. हसली.

आता स्नेहलतागंजातल्या सगळ्या नातेवाइकांकडे हेच चालणार. हुशार म्हणवणारी, आणि एवढं कळलं नाही.

बुधवार, ८ जानेवारी

ठरवलं. उत्तरं मी लिहिणार. ‘किसी से’ नाही.

आज अकरा झाली. हृदयाचा ठोका कुठून सुरू होतो — उजव्या वरच्या कप्प्यातली गाठ, सायनस नोड. आमच्या भाषेत सबस्टेशन. लाल रक्तपेशी डिस्टिल्ड पाण्यात टाकली तर — पाणी आत शिरतं, फुगते, फुटते. पूर्ण वाढलेल्या लाल पेशीत केंद्रक असतं का — नसतं. तिची पुस्तकं कपाटात आहेत, पडताळायला. फारशी उघडावी लागली नाहीत.

शनिवार, ११ जानेवारी

तीस झाली. एकतिसाव्याला थांबलो. प्रश्न उतरवून ठेवतो. तिच्या हिंदीचं माझं मराठी.

‘एक स्त्री, वय ५६, शिक्षिका. तीन महिन्यांपासून पोट फुगलेलं वाटतं. चार घास खाल्ले की भरल्यासारखं होतं. लघवीला वारंवार जावं लागतं. वजन उतरलंय, तरी परकराची नाडी पुरत नाही. सर्वांत आधी कोणता अवयव तपासून घ्यावा? (अ) जठर (ब) अंडाशय (क) मूत्राशय (ड) थायरॉईड.’

समासात — ११.७.२३. श्री – अ.

जुलै! दुखणं कळलं फेब्रुवारीत. मध्ये सात महिने.

त्या जुलैत तिला छप्पन्न पूर्ण झाली होती.

रविवार, १२ जानेवारी

काही केलं नाही.

सोमवार, १३ जानेवारी

तिच्या बाकी प्रश्नांत माणूस आला की ‘एक रुग्ण’ असतो. नाहीतर ‘एक पुरुष’, ‘एक बालक’. शिक्षिका कुठेच नाही. चारही रजिस्टरं चाळली. आणि परकराची नाडी कुठल्या पुस्तकात असते?

म्हणजे तिला कळलं होतं. सगळ्यांच्या आधी. ताईंच्या आधी, डॉक्टरच्या आधी!

मग सरळ सांगता आलं नसतं? ‘अहो, माझं पोट फुगतंय, दवाखान्यात चला.’ एवढं एक वाक्य. पस्तीस वर्षं एका घरात राहिलो. चार पर्याय कशाला? मी काय तिच्या कॉलेजची फर्स्ट इयरची मुलगी होतो?

दिवसभर राग येतोय. मेलेल्या बाईचा राग. कोणाला सांगणार!

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. वर्षाच्या आत सण नाही, म्हणून कोणी तिळगूळ घेऊन आलं नाही. बरं झालं.

गुरुवार, १६ जानेवारी

सुधाकर सरांचा फोन, दोनदा. उचलला नाही.

हे पान दाखवलं तर ताईंचं तोंड बंद होईल. सगळ्यांचंच. पण दाखवायचं म्हणजे समासासकट दाखवायचं. ‘श्री – अ’. फाडून निम्मं दाखवता येत नाही. तिला कळलं होतं हे सांगायचं, तर तिनं कोणाला विचारलं आणि त्यानं काय सांगितलं, तेही आलंच.

न दाखवलं तर ती अडाणी. दाखवलं तर मी.

आज दोनदा रजिस्टर कपाटात आत सरकवलं. दोनदा बाहेर काढलं.

रविवार, १९ जानेवारी

तिला जाऊन महिना झाला. लेक अबोली काल हैदराबादहून आली. ताई सकाळी आल्या, स्वयंपाक त्यांनीच केला. गुरुजी अकरापर्यंत आटोपून गेले.

जेवताना ताईंनी काढलंच. ‘माझ्या शेजारची गुप्तीण. पाचवी शिकलेली. पोटात गाठ लागली तर दुसऱ्या दिवशी एमवाय हॉस्पिटलात जाऊन बसली. आणि आमची विनी बघा!’

अबोली म्हणाली, ‘मावशी, बस ना आता.’ मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता — ‘पण खरंच बाबा, आईला कसं नाही कळलं? मी ऑफिसात लोकांना काय सांगू? सगळे हेच विचारतात.’

पोरीच्या आवाजात आईची लाज होती. ते मला सोसलं नाही.

उष्ट्या हातानं उठलो. हात धुतले, रजिस्टर आणलं, एकतिसावा प्रश्न उघडून ताटांच्या मध्ये ठेवला. म्हटलं, वाचा.

ताईंनी चष्मा लावला. हळूहळू वाचलं, ओठ हलवत. नाडीपर्यंत आल्या आणि थांबल्या. ‘हे... हे विनीचंच आहे.’ मग तारीख बघितली. बोटांवर महिने मोजले.

अबोलीनं विचारलं, ‘हे श्री – अ काय आहे?’

‘मी. माझं उत्तर.’

‘म्हणजे आईनं तुम्हाला विचारलं होतं?’

‘हो.’

‘आणि तुम्ही जठर म्हणालात.’

‘हो.’

मला वाटलं होतं, अबोली ताट भिरकावेल. ताई काहीतरी जहाल बोलतील. मी तयारीतच होतो. खरं तर वाटच बघत होतो.

ताई रडायला लागल्या. ‘माझी विनी हुशारच होती हो! सगळं ओळखलं होतं तिनं.’ मग पदरानं नाक पुसत — ‘आणि विचारलं तरी कोणाला, बघा! या मीटरवाल्याला! अहो, डॉक्टरला विचारायचं सोडून...’ रडता रडता हसल्याच. अबोलीही. ती उठून माझ्या खुर्चीमागे आली, खांद्यावर हात ठेवले. ‘बाबा, तुम्हाला कसं कळणार होतं? तुम्ही थोडेच शिकलेले आहात हे!’

ताईंनी माझ्या ताटात न विचारता आणखी एक पोळी वाढली. तेराव्यापासून माझ्याशी कोरडंच बोलत होत्या. आज तूपही वाढलं. खाल्ली.

मंगळवार, २१ जानेवारी

अबोलीला सोडून आलो. गाडी चाळीस मिनिटं लेट. फलाटावर म्हणाली, ‘स्वतःला दोष देत बसू नका हं. माहीत असतं तर तुम्ही आईला उचलून नेलं असतं, मला माहितीये.’

मी तिच्या बॅगेची चेन लावत होतो. लागत नव्हती.

घरी येतो तर ताईंनी सगळीकडे फोन फिरवलेले. रामभाऊ भेटले गेटपाशी, शेजारचे. ‘कळलं हो, वहिनींना सगळं कळलं होतं म्हणे! धन्य बाई!’ मग माझा हात दाबला. ‘तुमचा काय दोष, भिया. आपल्याला हे डॉक्टरी थोडंच कळतं.’

सगळे मला माफ करताहेत. एकापाठोपाठ एक.

गुरुवार, २३ जानेवारी

रजिस्टर आणि शेहेचाळीस उत्तरं घेऊन कॉलेजला गेलो. आधी अट सांगितली — मुखपृष्ठावर नाव विनीताचं, एकटीचं. सुधाकर सर जरा घुटमळले. ‘भाईसाहब, संपादक भी तो लिखना पड़ता है...’ मी पिशवी उचलली. ‘अरे बैठिए, बैठिए! ठीक है.’

मग उत्तरं तपासायला घेतली. लाल पेन हातात. एक, दोन, पाच, दहा — पेन टेकेचना. शेवटी वर बघितलं. ‘छियालीस के छियालीस सही! किससे बनवाए?’

‘मीच केली.’

‘आप? बिजली विभाग वाले?’ मोठ्यानं हसले. बाजूच्या टेबलावरच्या मॅडमना सांगितलं, ‘देखिए, संगत का असर!’ मग पुन्हा यादीवर बोट. ‘इकतीस खाली छोड़ दिया. अरे, ये तो सबसे आसान है! मैडम की किताब में ही तीन बार आया है.’

तीन वेळा आलाय. मला माहीत आहे. तिन्ही आवृत्त्यांची प्रुफं मीच तपासलीत.

म्हटलं, तेवढा राहू दे, मी घरून कळवतो.

शुक्रवार, २४ जानेवारी

एकतीस – (ब).

११ जुलैलाही माहीत होतं. तिनं पर्याय वाचून संपवायच्या आत आलं होतं. बरोबर सांगितलं की प्रश्न बाद. मग ती दुसरा करणार, पुन्हा ऐकायचा, आणि टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. म्हणून ‘अ’ म्हटलं. कितीतरी वर्षं असंच म्हणत आलो होतो. त्या दिवशी ‘अ’ लिहायच्या आधी ती थांबली. म्हणाली, ‘नक्की?’

मी टीव्हीकडे बघत म्हटलं, नक्की.

सुधाकर सरांना मोबाईलवर कळवलं — इकतीस, बी. नळाला नर्मदेचं पाणी आलं होतं. नळी लावून टाकी भरून घेतली.